दहा दिवसांचं बिल आणि पायथॉन

आमच्याकडं दुधाचं बिल, म्हणजे दूध घालणाऱ्यांना द्यायचे पैसे, महिन्यातून तीनदा निघतं: एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीसपासून महिनाअखेर. बिल एक दिवस लांबलं तर तोंडावर कुणी बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी किटली रिकामी झाली तरी माणूस काट्याजवळून हलत नाही.

मी राधानगरी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत लिपिक आहे. अडीचशेच्या आसपास उत्पादक, बरंचसं म्हशीचं दूध, थोडं गायीचं. संकलनाचं यंत्र लिटर मोजतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढतं, दर लावून चिठ्ठी देतं आणि प्रत्येक वेळेची एक सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर) ठेवून देतं. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे वीस फायली. इथवर सगळं आपोआप होतं. पुढचं सगळं एक्सेल आणि तात्या.

तात्या आमचे सचिव. एक्सेल ते स्वतःचं स्वतः शिकले. त्यांच्या वर्कबुकात पशुखाद्याच्या पोत्यांचं एक पान, उचलीचं एक, पतसंस्थेच्या हप्त्यांचं एक आणि बँकांची तीन. बिलाच्या रात्री जेवण उरकून बसायचं, वीस फायली एकेक करून उघडायच्या, कॉपी-पेस्ट, कोडवार (कोड म्हणजे उत्पादकाचा क्रमांक) बेरीज, कपाती, बँकांच्या याद्या, शेवटी पावत्यांची छपाई. हे होईपर्यंत पहाटेच्या संकलनाला माणसं यायला लागायची. यंत्राबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाची सोय आहे, पण त्यातले कपातीचे रकाने ठरलेले. आमच्या कपाती त्यात मावत नाहीत.

सुरुवात मॅक्रोपासून केली. ही सोय एक्सेलमध्ये फार पूर्वीपासून आहे. रेकॉर्डचं बटण दाबायचं, हातानं काम करून दाखवायचं, थांबवायचं. पण रेकॉर्ड केलेला मॅक्रो काम शिकत नाही, पत्ता पाठ करतो. तुम्ही बी २ पासून बी २४७ पर्यंत निवडलं असेल तर तो दर वेळी तेवढंच निवडणार. २४८ व्या ओळीवर नवा उत्पादक आला की त्याचं दूध बेरजेबाहेर. हे मॅक्रोच्या आतल्या सूचनांमध्ये हातानं दुरुस्त करता येतं, नाही असं नाही. पण वीस बाहेरच्या फायली वाचायच्या, तपासायच्या आणि काही बिनसलं तर थांबायचं, हे सगळं तात्यांच्या वर्कबुकाच्या पोटात घालणं मला बरं वाटलं नाही. त्यांची फाईल त्यांची राहावी आणि माझं काम तिच्या बाहेर चालावं, म्हणून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा. तिच्यात लिहिलेल्या सूचनांची फाईल म्हणजे स्क्रिप्ट. संस्थेच्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे आणि त्यावर चालणारी शेवटची पायथॉन म्हणजे ३.८. तीच बसवली. एक्सेलच्या फायली लिहा-वाचायला ओपनपायएक्सएल, बेरजा-जुळवणीला पांडाज. या पायथॉनला जोडायच्या तयार लायब्रऱ्या, दोन्ही फुकट. शिकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुपारी संस्था रिकामी असते तेव्हा बसायचे.

पहिला मोठा अडथळा तारखेचा, आणि तो जरा तपशिलात सांगते, कारण हा कुणालाही नडू शकतो.

यंत्राच्या फायलीत तारीख आपल्या रीतीनं असते: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. पांडाजला तारखा आपणहून ओळखायला सांगितल्या तर ती अमेरिकी रीतीनं आधी महिना धरते. चाचणीसाठी एप्रिलचं पहिलं बिल घेतलं, एक ते दहा तारखांमधलं दूध वेगळं काढलं, तर हाती फक्त चार तारखेचं दूध लागलं. ०१/०४ चं तिनं चार जानेवारी केलं, ०२/०४ चं चार फेब्रुवारी, असं करत दहाव्या दिवसाचं, म्हणजे १०/०४ चं, चार ऑक्टोबर. दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी एकच तारीख, ०४/०४, ती तेवढी जागेवर राहिली. आता अकरा ते वीसचं बिल घ्या. अकरा आणि बारा तारखा नोव्हेंबर-डिसेंबरात गेल्या, आणि तेरापासून पुढं सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो म्हटल्यावर ती मुकाट्यानं आधी दिवस धरते. तिसऱ्या बिलाला तर काहीच बिघडत नाही. म्हणजे कुणी महिनाअखेरच्या बिलावर चाचणी घेतली असती तर स्क्रिप्ट निर्दोष आहे म्हणून खुशाल वापरायला काढली असती.

पांडाजच्या २०२३ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून हे थोडं सुधारलंय. ती पहिल्या तारखेवरून एक रीत ठरवते आणि न बसणारी तारीख दिसली की थांबते. पण एक ते दहाच्या बिलात न बसणारी तारीख असतच नाही! त्यामुळं आवृत्ती कुठलीही असो, तारखेची रीत आपण स्वतः लिहून द्यायची. ती एक ओळ आहे. तारखांच्या बाबतीत एक्सेलही काही कमी नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये 'मार्च १', 'सेप्ट १' अशी दिसणारी काही नावं चक्क बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथं आमची काय कथा.

दुसरा अडथळा लांबलचक आकड्यांचा. बँकेचा खाते क्रमांक ही रक्कम नाही. त्याची बेरीज कुणी करत नाही. पण एक्सेलला तो आकडाच वाटतो. सुरुवातीची शून्यं ते गाळतं, आणि पंधरा अंकांच्या पुढचं त्याला लक्षात ठेवता येत नाही. आमच्या काही उत्पादकांची खाती सोळा अंकी क्रमांकाच्या बँकेत आहेत. असा क्रमांक साध्या रकान्यात टाकला की सोळावा अंक शून्य होतो. दिसायला क्रमांक व्यवस्थित, लांबीही बरोबर, फक्त खातं दुसऱ्याचं किंवा अस्तित्वातच नसलेलं.

याचा खरा तमाशा गायीच्या अनुदानाच्या वेळी पाहिला. जुलै २०२४ पासून गायीच्या दुधाला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून, लिटरमागं ५ रुपये सरकारी अनुदान होतं, ऑक्टोबरपासून ७ झालं. त्यासाठी उत्पादकाचं आधारशी जोडलेलं खातं आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लागायचा. बिल्ला बारा अंकी. एक्सेल बारा अंक झाले की आकडा आखडून दाखवतं: १.०२ई+११. नुसतं दाखवलं तर हरकत नाही, आत पूर्ण आकडा असतो. पण तीच फाईल सीएसव्ही म्हणून जतन केली की जे दिसतंय तेवढंच लिहिलं जातं, आतला आकडा कायमचा गेला. यादी अनेक हातांतून फिरली होती, कुणीतरी दोन क्लिकांत उघडून सेव्ह केली असणार. आमच्याकडं परत आली तेव्हा गावातल्या बहुतेक गायींच्या कानात एकच बिल्ला होता. गोठ्यागोठ्यात जाऊन, बॅटरी धरून, क्रमांक पुन्हा उतरवले. म्हशीचा कान त्या मानानं सोपा, गाय मान झटकते.

तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये कोड, खातं, आधार, बिल्ला हे सगळं अक्षरं म्हणूनच वाचलं जातं आणि लिहितानाही रकान्याला 'मजकूर' हा प्रकार लावला जातो. बिल्ला बारा अंकांचाच आहे ना, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा संकेतांक) अकरा अक्षरांचा आहे ना आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्य आहे ना, हे आधी तपासलं जातं. पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' टंकलेली खाती इतकी निघाली की मला तात्यांच्या चष्म्याची काळजी वाटली. यंत्रातल्या कच्च्या फायली आता थेट स्क्रिप्टच वाचते. एक्सेलमध्ये त्या कुणी उघडायच्या नाहीत, असा कागद संगणकाच्या वर चिकटवलाय.

मग हिशेब जुळवायला बसलो. ठरलं असं की काही बिलं तात्यांनी नेहमीसारखी हातानं काढायची, मी स्क्रिप्टनं, आणि दोन्ही पत्रकं शेजारी ठेवायची. रुपये जुळले, पैसे जुळेनात. कुणाचा एक पैसा कमी, कुणाचे दोन. तात्यांना एवढंच हवं होतं.

"एका पैशाचा फरक म्हंजी फरकच की. हिशेबाला लहान-मोठं न्हाई."

खरं होतं. अडीच लिटर दूध, दर ५१.२५. गुणाकार १२८.१२५. एक्सेल याचे १२८.१३ करतं, शाळेत शिकवलेल्या रीतीनं. पायथॉन १२८.१२ करते. नेमका अर्धा पैसा आला की ती जवळच्या सम अंकाकडं झुकते, म्हणजे खूप बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साठत नाही. तत्त्व म्हणून ते चांगलंय, पण उत्पादकाच्या हातातल्या चिठ्ठीवर यंत्रानं १२८.१३ छापलेत, तेव्हा माझं तत्त्व तिथं काय कामाचं? पायथॉनमध्ये दशांश हिशेबाचं वेगळं साधन आहे, त्यात अर्धा पैसा वर न्यायचा असं सांगता येतं. पैशाचा सगळा हिशेब त्यात नेला. दरपत्रकाचंही तसंच केलं. संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगितलं तर उत्तर नेमकं ०.३ येत नाही, शेपटाला कुठंतरी चार चिकटतो. मग ६.३ फॅटचा दर शोधायला जावं तर तक्त्यात तो आकडा 'नाही'. गवळ्यांची रीत इथं कामी आली. सगळे पॉइंटमध्येच बोलतात. स्क्रिप्टही आता ६.३ ऐवजी ६३ म्हणते आणि पूर्णांकांत कधी चुकत नाही.

पैसे जुळले. उरल्या कपाती, आणि खरं काम इथं होतं.

मला वाटत होतं कपात म्हणजे वजाबाकी. बिलातून आधी खाद्य, मग उचल, मग पतसंस्थेचा हप्ता. स्क्रिप्टनं ते तसं केलं आणि तात्यांच्या पत्रकाशी चाळीसेक नावं जुळली नाहीत. कुणाचं खाद्य अर्धंच कापलेलं, कुणाचा हप्ता सोडलेला.

"तात्या, यांचं अर्धंच का कापलं तुम्ही?"

"निम्मं तरी हातात पडाय पाहिजे माणसाच्या. सगळंच कापलं तर घरला काय न्यायाचं?"

"मग या मावशींचं तर अजिबात नाही कापलं."

"तिची म्हस आटलीया. येऊं दे की दुधावर."

मी मागच्या दोन वर्षांची बिलं स्क्रिप्टलाच वाचायला लावली आणि प्रत्येक बिलात कपात किती टक्के पडली ते काढलं. निम्म्याचा नियम तात्यांनी जवळजवळ कुठंच मोडला नव्हता. मनातल्या मनात, हातानं, रात्री दोन वाजताही. पण आकड्यांत आणखी एक गोष्ट होती. दोन्ही वर्षी जूनच्या पहिल्या दोन बिलांत खाद्याची कपात जवळजवळ शून्य. विचारलं तर तात्यांनाच आश्चर्य वाटलं. मग म्हणाले, "जूनात भाताची पेरणी, पोरांची वह्या-पुस्तकं. तवा कोण कापतंय?" असा काही नियम आपण पाळतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता हे स्क्रिप्टमध्ये घालायचं तर लिहावं लागणार. आणि संस्थेत एखादी गोष्ट लिहिली की ती तात्यांची राहत नाही, संचालक मंडळाची होते. लेखापरीक्षक दर वर्षी येतात, 'कुणाचं खाद्य का सोडलं' हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता, कारण हाताच्या हिशेबात ते सुटंसुटं दिसायचं. नियमांचं पान छापून समोर आलं की विचारणार. मी चेअरमनसाहेबांना सांगितलं, त्यांनी विषय मंडळाच्या सभेत घेतला. सभा चांगली तापली. एकांचं म्हणणं, खाद्याचे पैसे संस्थेनं आधीच भरलेले असतात, थकबाकी वाढली तर कोण बघणार. दुसऱ्यांचं म्हणणं, इतकी वर्षं असंच चाललंय आणि संस्था बुडाली नाही. ज्यांना जूनमध्ये सूट मिळत होती त्यांतले दोघं संचालकच होते आणि सूट बंद करा म्हणणाऱ्यांत तेच पुढं. शेवटी ठराव झाला: कपात बिलाच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही, जूनच्या पहिल्या दोन बिलांत खाद्याची कपात नाही, उरलेली बाकी पुढच्या बिलात.

मला विचाराल तर सगळ्या उपद्व्यापातली कामाची गोष्ट ही. रात्र वाचली ते ठीकच. पण तात्या उद्या निवृत्त झाले असते तर जूनची सूट कुणाला न कळता बंद पडली असती. आता ती ठरावाच्या वहीत आहे.

मावशींच्या म्हशीचा मात्र ठराव होत नाही. त्यासाठी खाद्याच्या पानावर 'शेरा' असा रकाना ठेवलाय. तात्या तिथं 'अर्धं', 'सोडा', 'पुढच्या बिलात' असं लिहितात. हे तीन शब्द स्क्रिप्टला कळतात. चौथं काही दिसलं, समजा 'बघून सांगतो', तर ती त्या उत्पादकाचं नाव दाखवून थांबते, अंदाजानं पुढं जात नाही. निम्म्याचं प्रमाण आणि सूट द्यायचे महिनेही स्क्रिप्टमध्ये लिहिले नाहीत, तात्यांच्या वर्कबुकात 'नियम' नावाचं पान केलं आणि स्क्रिप्ट ते तिथून वाचते. ठराव बदलला तर पान बदलायचं, माझ्याकडं यायचं कारण नाही.

बारीकसारीक भानगडी पुष्कळ. तात्या त्यांची फाईल कधी बंदच करत नाहीत, आणि एक्सेलमध्ये उघडी असलेली फाईल पायथॉनला लिहिता येत नाही, 'परवानगी नाही' म्हणते. म्हणून स्क्रिप्ट त्यांची फाईल फक्त वाचते आणि बिल नव्या फाईलमध्ये लिहिते, नावात तारीख घालून. ओपनपायएक्सएलनं वर्कबुक उघडून जतन केलं की त्यातली काढलेली चित्रं-आकार गळून पडतात. संस्थेच्या नावाचा कमानदार निळा वर्डआर्ट असाच गेला असता. शिवाय, सूत्राचं उत्तर ओपनपायएक्सएल स्वतः काढत नाही. एक्सेलनं शेवटी जतन केलेलं उत्तर तेवढं वाचते. स्क्रिप्टनंच लिहिलेली आणि एक्सेलमध्ये एकदाही न उघडलेली फाईल परत वाचली तर सूत्राच्या जागी काहीच मिळत नाही. म्हणून बेरजा पायथॉनमध्येच करते आणि पत्रकात नुसते आकडे टाकते.

पावत्या थेट पीडीएफ करायला गेले तेव्हा मराठीनं पाणी पाजलं. मी घेतलेल्या लायब्ररीला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती, ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या डावीकडं न बसता उजवीकडं. 'हिशेब' वाचताच येईना. नाद सोडला. पावत्या आता एक्सेलच्या पानावर, एका ए-फोर कागदावर सहा, आणि छापताना लिब्रेऑफिस (एक्सेलच्या फायली उघडणारं फुकट सॉफ्टवेअर) मराठी नीट जुळवून देतं.

दिवाळीच्या फरकाला या सगळ्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागं जो फरक मिळतो, त्याचं पत्रक म्हणजे एप्रिल ते मार्चची छत्तीस बिलं एकत्र. गाय वेगळी, म्हैस वेगळी. पूर्वी हे काम नवरात्रात सुरू व्हायचं आणि वसुबारसेपर्यंत पुरायचं. स्क्रिप्टला मिनिटही लागलं नाही, पण ते मिनिट संपल्यावर आम्ही एका आकड्यापाशी अडलो. एका कोडवर वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत गायीचं दूध होतं, पुढच्या सहा महिन्यांत म्हशीचं. जनावर बदललं असेल म्हणून सोडणार होतो. तात्यांनी कोड बघितला आणि म्हणाले, जनावर न्हाई, माणूस बदललाय. पहिल्यानं दूध बंद केलं, कोड रिकामा होता, तो नव्याला दिला. हातानं फरक काढताना तात्या हे नावावरून ओळखायचे. नुसत्या कोडवरून बेरीज केली असती तर एकाच्या दुधाचा फरक दुसऱ्याच्या खात्यात गेला असता. तेव्हापासून उत्पादकांच्या यादीत कोडापुढं 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' असे दोन रकाने आलेत, आणि रिकामा झालेला कोड पुन्हा द्यायचा नाही असं तात्यांनीच ठरवलं. ज्यांची खाती वारसांच्या नावावर गेलीत तिथं उलटं आहे: कोड दोन, फरक एकाच घरी. त्यांची यादी वेगळी.

शेजारच्या गावच्या संस्थेचे सचिव परवा येऊन बसले होते, पेन ड्राईव्ह घेऊनच. त्यांच्याकडं कपातीचा क्रम वेगळा आहे, आधी पतसंस्था मग खाद्य, आणि बिल पंधरा दिवसांचं. क्रम मी 'नियम' पानावर काढलाच होता, बिलाचा कालावधी अजून स्क्रिप्टमध्येच आहे, तो बाहेर काढायचं काम चाललंय. त्यांना म्हटलं, पेन ड्राईव्ह राहू द्या, आधी मागच्या जूनची बिलं घेऊन या.